रेंज नसेल तर जबाबदार कोण?

सातपुड्यातल्या एका पाड्यावरचं रेशन दुकान. ओट्यावर पंधरा-वीस बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या, धान्याची पोती आत रचलेली, आणि दुकानदार मात्र दुकानात नाही. तो दोनशे पावलांवर, चढावरच्या मोहाच्या झाडाखाली ई-पॉस मशीन हातात धरून उभा आहे. रेंज तिथेच येते. एकेकीने तिथवर चढून जायचं, अंगठा लावायचा, पावती निघेपर्यंत थांबायचं आणि खाली येऊन धान्य मोजून घ्यायचं. मी तिथे पोचलो तेव्हा एका आजींची पाळी होती. त्यांनी पदराने अंगठा पुसून मशीनवर ठेवला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "आजी, अंगठा बरोबर आहे, नेटच गेलंय. बसा जरा." आजी बसल्या. तासाभराने उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या येते रे भाऊ, शेळ्या मोकळ्या आहेत."

अंत्योदय कार्डावरचं पस्तीस किलो धान्य आत पोत्यात होतं. आजींचं नाव यादीत होतं. दुकानदार त्यांना लहानपणापासून ओळखत होता. तरी पिशवी रिकामी परत गेली. त्या दिवशी कुणी लबाडी केली नाही, कुणी कुणाला अडवलं नाही. पण मला ज्या गोष्टीने अस्वस्थ केलं ती वेगळीच आहे: आजी रिकाम्या हाताने गेल्या याची नोंद कुठेच झाली नाही. मशीनच्या लेखी त्या आल्याच नव्हत्या. महिनाअखेरीस त्यांनी धान्य उचललं नाही, तर तालुक्याच्या ठिकाणी "लाभार्थीने उचल केली नाही" एवढंच दिसणार.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. सरकारने जिथे नेटवर्क सक्तीचं केलं, तिथे नेटवर्क न मिळाल्याचा भुर्दंड नागरिकाने सोसायचा नाही. तो नियम करणाऱ्याने सोसायचा. आणि तो सोसायला लावायचा असेल, तर आधी नेटवर्क नसल्याची नोंद झाली पाहिजे.

एक काळ होता, फोन ही चैन समजली जाई. घरी फोन लागायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली, देशी बनावटीची ग्रामीण एक्स्चेंजेस आली, पिवळ्या पाटीची एसटीडी बूथ गावोगाव दिसू लागली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. १९९७ मध्ये ट्राय हे दूरसंचार नियामक प्राधिकरण आलं, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल भाजीवालीपासून गवंड्यापर्यंत सर्वांच्या हातात गेला. या प्रवासाचा मला अभिमान आहे. पण त्या सगळ्या काळात फोन नसला तर गैरसोय होई, हक्क बुडत नसे. रेशन मिळे, मजुरी मिळे, अंगणवाडीतला खाऊ मिळे. गेल्या दहा वर्षांत हे बदललं. फोन घ्यायचा की नाही, हा प्रश्नच आता कुणी विचारत नाही. बँकेचा ओटीपी, पिकाची नोंद, मजुरांची हजेरी, बाळाचं वजन, बहिणींच्या खात्यावर येणाऱ्या पंधराशे रुपयांचं ई-केवायसी, सगळं त्या एका रेंजवर टांगलेलं आहे.

रोजगार हमीचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर घेणं सक्तीचं झालं. दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो काढून चढवायचा. काम कुठे निघतं? पाझर तलावावर, डोंगरउतारावरच्या चरांवर, वनीकरणाच्या खड्ड्यांवर, म्हणजे नेमकं जिथे रेंज नसते तिथे. बाई दिवसभर उन्हात माती उपसते. फोटो वर चढला नाही तर तिचा दिवस कागदावर उगवतच नाही. आणि एवढं करून लबाडी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून कळवलं की फोटोचा फोटो काढून चढवला जातोय, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रं टाकली जातायत. म्हणजे लबाडी करणाऱ्याने वाट काढली, आणि खरोखर राबणारी मात्र रेंजच्या शोधात टेकाड चढत राहिली.

आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी हे फार आधी ओळखलं होतं. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर ॲप आलं, तेव्हा हातातले सरकारी फोन तापत, अडकत, बंद पडत आणि ॲप इंग्रजीत होतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत केले. "मोबाइल वापसी" म्हणून ते आंदोलन ओळखलं गेलं. त्यांना तंत्रज्ञान नको होतं असं कुणी म्हणू नये. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्याकडून काम मागताय, तर काम होईल असं साधन द्या. साधन निकामी निघालं तर आमचं मानधन कापू नका. या मागणीत नागरिकशास्त्राचा अख्खा धडा आहे, आणि तो महिन्याला तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बायकांनी दिला.

मशीनच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगतो. ई-पॉस येण्याआधी मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जाई, कार्ड दुकानदाराच्या गल्ल्यात पडून असे, काळ्या बाजारात ट्रक जात. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि एक मोठा फायदा तर नेटवर्कशिवाय झालाच नसता. बीडचा ऊसतोड मजूर सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे फडावर असतो. त्याचं रेशन पूर्वी गावातच बुडे. आता एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे तो जिथे असेल तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती मोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. माझी तक्रार मशीनशी नाहीच. मशीन बंद पडल्यावर काय करायचं हे ठरवताना ज्यांनी आजींचा विचार केला नाही, त्यांच्याशी आहे.

खरं तर तो विचार कागदावर झालेला आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं होतं की आधार नाही किंवा पडताळणी झाली नाही, एवढ्यासाठी कुणाचं रेशन नाकारू नका. अशा व्यवहारांची वेगळी नोंद ठेवा आणि धान्य द्या. मी त्या दुकानदाराला विचारलं, अशी नोंदवही आहे का? तो म्हणाला, "वही आहे साहेब. पण वहीवर दिलं तर पुढच्या महिन्यात माझा कोटा जुळत नाही. मग नोटीस मलाच." ओलं लाकूड जाळायला सांगायचं आणि धूर झाला म्हणून दंड करायचा, तसा हा प्रकार. सवलत वर लिहिली जाते, भीती खाली पोचते.

आता रेंजच का नाही, याकडे वळू. डोंगरातल्या तीनशे उंबऱ्यांसाठी टॉवर उभारणं कंपनीला परवडत नाही. वीज न्यायची, डिझेल न्यायचं, रस्ता नाही. हे म्हणणं खोटं नाही. पण हे म्हणणं सरकारला २००२ मध्येच मान्य होतं आणि त्यावरचा उपायही तेव्हाच काढला होता. १ एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतले जातात. २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं. कंपन्या हे पैसे घरून आणत नाहीत. तुमच्या-माझ्या रिचार्जमधून ते जातात. मुंबईच्या लोकलमध्ये उभा राहून व्हिडिओ बघणारा तरुण आणि महिन्यातून दोनदा मुलाशी बोलणारी आई, दोघंही वीस वर्षांहून जास्त काळ सातपुड्याच्या टॉवरसाठी पैसे भरतायत.

मग पैसे जातात कुठे? इथे कारभाराची गोम आहे. गोळा झालेली रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जमा होते. तिथून संसदेची मंजुरी घेऊन, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात जेवढं बसेल तेवढंच या कामाला मिळतं. कागदोपत्री निधी कधी बुडत नाही, शिल्लक पुढे जाते. पण पुढे गेलेली शिल्लक म्हणजे टॉवर नव्हे. वर्षानुवर्षं गोळा झालेलं जास्त आणि खर्च झालेलं कमी, असंच चालत आलं आणि हजारो कोटी असे हिशेबात पडून राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फोरजी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. चांगलं झालं, पण वीस वर्षं निधी गोळा करून झाल्यावर.

भारतनेटची गोष्ट तर आणखी जवळून पाहिलेली आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली आणि दोन वर्षांत ती पुरी व्हायची होती. तिचं नाव बदललं, टप्पे बदलले, मुदती बदलल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. मी एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्यात फायबरचा डबा, बॅटरी, वर सोलरची वायर. डब्यावरचा एकही दिवा लागत नव्हता. कपाटावर जुन्या निवडणुकीच्या याद्यांचे गठ्ठे. ग्रामसेवकांनी सांगितलं, रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली, त्याला दीड वर्ष झालं. तक्रार कुणाकडे करायची तो नंबर लागत नाही, आणि पंचायतीचं काम तर थांबत नाही, म्हणून ते स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढून देतात. वरच्या अहवालात मात्र ती पंचायत "जोडलेली" आहे. इथेही तेच. केबल टाकल्याची नोंद झाली, तुटल्याची झाली नाही.

कंपन्यांना जाब विचारायचा प्रयत्न आपल्या देशात झाला नाही असंही नाही. ट्रायने नियम केला होता की १ जानेवारी २०१६ पासून कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. निकाल कायद्याच्या चौकटीत असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण त्यानंतर तुटलेल्या कॉलसाठी दुसरा, पक्क्या पायावरचा भरपाईचा नियम का आणला गेला नाही? ट्रायच्या कायद्यात एकट्या ग्राहकाची तक्रार ऐकायची सोयच नाही. कंपनीविरुद्धची तक्रार आधी कंपनीच्याच तक्रार केंद्राकडे, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. ग्राहक मंचाचा दरवाजाही २००९ च्या एका निकालानंतर जवळजवळ बंद होता, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडला. बँकेने फसवलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, विम्याला लोकपाल आहे. ज्या फोनवर आता बँक आणि विमा दोन्ही चालतात, त्या फोनला लोकपाल नाही. ट्रायनेच ही शिफारस पूर्वी केली आहे.

नियामकाने मनावर घेतलं की काय होतं, हेही आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने ठराविक संकेतस्थळं स्वस्त आणि बाकीची महाग, अशा दरांवर बंदी घातली. जगातल्या बड्या कंपनीची योजना त्यात अडली, कारण लाखो साध्या माणसांनी ईमेल पाठवून आपलं म्हणणं नोंदवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना इंटरनेट नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस यांचे वेगळे प्लॅन ठेवा. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला डेटाचे पैसे भरायला लावणं चुकीचं होतं, हे ऐकलं गेलं. नोंद झाली की सुधारणा होते, याचाच हा पुरावा.

आणि जिथे सरकार स्वतःच्या हाताने नेटवर्क बंद करतं, तिथे तर नोंदीचा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो. जम्मू-काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ ला इंटरनेट बंद झालं. फोरजी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला, तब्बल दीड वर्ष. २०२३ मध्ये मणिपूरने महिनोन्महिने हेच भोगलं. राजस्थानात तर भरती परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जिल्हेच्या जिल्हे बंद ठेवले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या आपल्याच जिल्ह्यांत सेवा थांबवली गेली. दंगल पेटत असेल तर काही तास अफवा थांबवाव्या लागतात, हे मी मान्य करतो. पण १० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा प्रत्येक आदेश जाहीर केला पाहिजे. त्यानंतर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विचारलं, देशात किती वेळा इंटरनेट बंद झालं? केंद्राकडे त्याची नोंद नव्हती. बंदीचा आढावा घेणारी समितीही सचिवांचीच, म्हणजे आदेश काढणारे आणि तपासणारे एकाच घरातले. ज्या दिवशी जिल्ह्यात इंटरनेट बंद, त्या दिवशी रेशनचं मशीन बंद, हजेरीचं ॲप बंद. त्या दिवसाची मजुरी कुणी भरून दिली? असा एक आदेश मला दाखवा, ज्यात "या काळात हजेरी कागदावर घ्यावी, धान्य वहीवर द्यावं" अशी एक ओळ आहे.

उपाय शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या कायद्याचा कणा फार सरळ आहे. मजुराने काम मागितलं आणि पंधरा दिवसांत सरकारला ते देता आलं नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. काम का निघालं नाही, इंजिनिअर रजेवर होता की निधी आला नव्हता, हे मजुराने सिद्ध करत बसायचं नाही. पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात हेच तत्त्व आलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही आहे: हक्काचं धान्य दिलं नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. आपल्या राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर ठरल्या मुदतीत दाखला न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. तत्त्व आपलंच आहे, आपल्याच मातीत उगवलेलं आहे. फक्त तंत्रज्ञान आलं आणि त्या तत्त्वाला मोबाइलच्या बाहेर ठेवलं गेलं. "सर्व्हर डाऊन" हे दोन शब्द उच्चारले की सगळ्यांची जबाबदारी संपते.

म्हणून यापुढे ॲप किंवा ओटीपी सक्तीचा करणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयात एक कलम असलंच पाहिजे असं मला वाटतं. नेटवर्क नसेल तर त्याच दिवशी, त्याच जागी, कागदावर काम होईल. ती कागदावरची नोंद मशीनच्या नोंदीइतकीच खरी मानली जाईल. आणि अशा किती नोंदी कुठे झाल्या, ते खात्याने दर महिन्याला जाहीर करावं. कुणी म्हणेल, वही परत आली की चोरी परत येईल. मी उलट म्हणतो. एखाद्या दुकानात महिन्याला शंभर नोंदी वहीवर झाल्या, तर एक तर तिथे रेंज नाही किंवा दुकानदार लबाड आहे. दोन्ही गोष्टी कळायलाच हव्यात. दुकानाच्या दक्षता समितीने ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी, कोण खरं आणि कोण खोटं हे गावाला लगेच समजतं. आज आपल्याला दोन्ही कळत नाही, कारण मशीन फक्त झालेला व्यवहार मोजतं.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना ई-केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली जात होती, त्या प्रकरणातला हा निकाल. शरीराला जमत नाही ते मागू नका, असं न्यायालयाने सांगितलं. मग जे गावाच्या भूगोलाला जमत नाही, ते तरी का मागायचं?

आमच्या तीन-चार पाड्यांत आम्ही सध्या एक काम घेतलं आहे. शाळेतली मुलं वहीवर गावाचा नकाशा काढतायत आणि रेंज कुठे येते तिथे खूण करतायत: मोहाचं झाड, शाळेची टाकी, देवाच्या दगडाजवळचा चढ. कुठल्या सिमकार्डला, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती वेळ टिकते, तेही लिहितायत. पुढच्या ग्रामसभेत तो नकाशा ठरावाला जोडायचा आहे. सूचक म्हणून सही कुणी करायची, यावर परवा चर्चा झाली. आजी म्हणाल्या, सही येत नाही, अंगठा चालेल का. शाई लावून कागदावर घ्यायचा आहे, म्हटलं, चालेल.